जात्यावरच्या गाण्याचा व्हिडिओ: मित्र म्हणतात 'भारी', आज्या मध्येच उठून जातात. कापू तरी काय?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी साताऱ्यात जनसंज्ञापनाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या सत्राचा प्रकल्प म्हणून आम्ही पाच जणांनी एका गाण्याचा व्हिडिओ केलाय. गाणं म्हणजे माझ्या आजीच्या चार ओव्या. चाल तिचीच. गायलीय माझ्या मैत्रिणीने, व्हिडिओतही तीच दिसते. सोबत गिटार, ढोलकी आणि जात्याची घरघर. चित्रीकरण अर्धं वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, अर्धं आजीच्या ओसरीवर. कॉलेजचा एक कॅमेरा आणि दोन मोबाईल. लांबी ४ मिनिटं १० सेकंद, शॉट १२५.

होस्टेलवर दाखवला तर सगळे "भारी, एक नंबर" म्हणाले. मग गावी जाऊन आजीला आणि शेजारच्या सहा बायकांना लॅपटॉपवर दाखवला. कुणी वाईट एक शब्द बोललं नाही. पण दीडेक मिनिटाने एक मावशी शेंगा सोलायला लागल्या. दुसऱ्या मोटर बंद करायला म्हणून उठल्या त्या परत आल्याच नाहीत. संपल्यावर आजी म्हणाली, "चांगलं झालंय गं. चहा टाकू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. ओव्या त्यांच्याच आणि त्यांनाच धरून ठेवत नसतील तर काहीतरी चुकलंय. काय ते मात्र कळत नाही, कारण तीन आठवडे तेच बघून माझे डोळे मेलेत. जमा करायला १८ दिवस आहेत. दुवा खाली दिलाय. कुणाचं ऐकायचं आणि कापायचं कुठे, सांगाल का? स्पष्ट बोला, मला चालेल.

चहाबाज
"चहा टाकू?" याच्याइतका स्पष्ट अभिप्राय मराठीत दुसरा नाही. :) बघतो आणि लिहितो.

कात्री
अभिनंदन आधी. पोरांनी मोबाईलवर केलंय हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

मी चौदा वर्षं मुंबईत संकलन करतोय, मालिका जास्त, गाणी थोडी. तुझ्या पोस्टमध्ये तुला उत्तर मिळालेलं आहे, तू ते अभिप्राय म्हणून मोजलं नाहीस एवढंच. 'भारी' हा अभिप्राय नव्हे, ती मैत्री. शेंगा हा अभिप्राय. मावशींनी शेंगा नेमक्या कितव्या सेकंदाला हातात घेतल्या? ते तुला माहीत असतं तर धागा काढावा लागला नसता.

पुढच्या वेळी असं कर. कागदावर उभी रेघ मार, दर दहा सेकंदाला खूण कर. पडद्याकडे बघू नकोस, माणसांच्या बाजूला बस आणि त्यांच्याकडे बघ. कोण कधी हललं, कुणी मोबाईल पाहिला, कोण शेजारणीशी बोललं, कुठे सगळ्या गप्प झाल्या, सगळं त्या रेघेवर टिपून ठेव. आधी काही समजावून सांगायचं नाही, मध्ये "आता बघा हं" म्हणायचं नाही. संपल्यावर "कसं वाटलं" असं विचारूच नकोस, त्यावर माणूस तुझं मन राखणारच. "काय काय पाहिलंत ते सांगा" म्हण. त्यांनी जे सांगितलं नाही ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.

आणि एक. लोक म्हणतील "मधे गाणं लांबलं". लगेच मधला भाग कापायला घेऊ नकोस. दीड मिनिटाला कंटाळा येतो त्याचं कारण बहुतेक वेळा चाळिसाव्या सेकंदाला असतं. अमुक जागी कंटाळा आला, एवढं माणूस अगदी खरं सांगतो. तो का आला हे तुला शोधायचंय.

ठेका
ढोलकी वाजवतो, संकलनातलं कळत नाही, पण गाणं तीन वेळा बघितलं. कात्रीदादा म्हणतात तो चाळिसावा सेकंद मला सापडलाय.

लय मिनिटाला १०० मात्रांच्या आसपास आहे. म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंद. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत नेमक्या १५ फ्रेम. ४० व्या सेकंदाला ढोलकी सुरू होते आणि तिथून तुम्ही दर दोन मात्रांना चित्र बदललंय. हात, बांगड्या, घाट, घंटा, पाय, पाणी, पुन्हा हात. केहरव्याच्या (आठ मात्रांचा ताल) एका आवर्तनात चार चित्रं. पहिली दोन आवर्तनं मजा येते. तिसऱ्यापासून कानाला आधीच कळतं की आता बदलणार, आणि डोळा बघायचं सोडतो. आमच्याकडे एखादा नवशिका प्रत्येक मात्रेवर जोर देऊन वाजवतो ना, तसं झालंय. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे ते कळतच नाही.

दुसरं म्हणजे ओवी ढोलकीवर चालत नाही. ती चालते जात्याच्या फेऱ्यावर आणि बाईच्या दमावर. ओळ ओढत नेते, शेवटी दम सुटतो, तेवढ्यात हाताने घास, म्हणजे मूठभर दाणे, टाकते आणि पुढची ओळ उचलते. तुमच्या मैत्रिणीने हे फार सुंदर गायलंय, दम सुटलेला ऐकू येतो. पण प्रत्येक वेळी त्या जागेवर तुम्ही कापून घाटावर गेलाय! तिथेच तर तिचा चेहरा बघायचा होता.

चहाबाज
ठेका +१. बघून आलो. १.१० ते १.३५ मध्ये घंटा पाच वेळा आहे. मला वाटलं गोष्टीत घंटेचं काहीतरी होणार. शेवटपर्यंत वाट बघितली.

वाईकर
@चहाबाज, घंटेला नावं ठेवू नका. :) मेणवलीची ती घंटा वसईची, १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली म्हणतात. पोर्तुगीज चर्चमधली घंटा आज कृष्णेकाठी, नाना फडणवीसांच्या वाड्याच्या पायथ्याशी. आमच्या लहानपणी शाळेची सहल तिथेच.

पण पोरी, खरं सांगायचं तर तुझ्या गाण्यात तिचं काम नाही. शिवाय हा घाट सिनेमांमधून एवढा दिसलाय की घाट दिसला की माणसाला शूटिंग आठवतं. तुझ्या आजीची ओसरी मात्र मी कुठेच पाहिलेली नाही.

कृष्णाकाठ
वाईकरकाका, घंटेच्या शॉटसाठी आम्ही पहाटे पाचपासून उन्हाची वाट बघत बसलो होतो. :( तो काढायचा म्हणजे जीवावर येतंय.

ठेका, तुमचा प्रतिसाद आम्ही पाचही जणांनी मोठ्याने वाचला. टाइमलाइन उघडली तर खरंच प्रत्येक दमावर कट आहे. चेहऱ्याचे शॉट आहेत आमच्याकडे, वापरलेच नाहीत, कारण त्यांत "काही घडत नाही" असं वाटलं होतं.

कात्री
पहाटे पाचला उठलात हे तुम्हा पाच जणांना माहीत. बघणाऱ्याला फक्त घंटा दिसते. एक युक्ती सांगतो: घंटा काढून टाकू नकोस, वेगळ्या टाइमलाइनवर ठेवून दे. दोन दिवसांनी गाणं बघ आणि तिची आठवण झाली तरच परत आण.

माहेरवाशीण
कृष्णाकाठ, बाळा, मी ६७ वर्षांची आहे. माहेर फलटणकडचं. लग्न होईपर्यंत पहाटे आईसमोर बसून रोज दळलंय. तुझ्या आजीला काय खटकलं असेल ते मी सांगते, राग मानू नको.

जात्यात दाणे नाहीत. मुलगी हात फिरवते, घास टाकल्यासारखं करते, पण मूठ रिकामी आहे. पाळूवर, म्हणजे जात्याच्या दगडावर, पीठ पडत नाही. चार मिनिटं दळण चाललंय आणि शेवटी सुपात पसाभरही पीठ नाही. रिकामं जातं फिरवलं की आमची आई ओरडायची, दगडाला दगड घासतो म्हणून. आवाजही वेगळा येतो. दाणे असले की भरडल्याचा करकर आवाज आधी येतो, मग घरघर. तुझ्यात नुसती घरघर आहे.

आणि एके ठिकाणी जातं उलटं फिरायला लागतं. १.२८ ला बघ. एका चित्रात असं, पुढच्यात तसं. त्याच चित्रात पोरीची चमकी डाव्या नाकपुडीवरून उजवीकडे जाते. मी नातवाला दोनदा थांबवायला लावून खात्री केली.

गाण्याला नावं ठेवायला जागा नाही. दुसरी ओवी ऐकताना मला आईच्या हाताचा वास आला.

ठेका
माहेरवाशीणताई, दंडवत.

५०_हर्ट्झ
माहेरवाशीणकाकू, तुम्ही संकलकांच्या पोटावर पाय आणणार.

चमकीचं कारण: तो शॉट आडवा उलटवलाय, म्हणजे आरशासारखा. सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकचं काम आहे म्हणून सगळे करतात.

कृष्णाकाठ
काकू, मी आत्ता सुन्न बसलेय.

५०_हर्ट्झ यांचं बरोबर आहे. ती मुलगी आधीच्या शॉटमध्ये उजवीकडे बघत होती, या शॉटमध्ये डावीकडे. तिने मध्येच तोंड फिरवल्यासारखं वाटत होतं म्हणून मी शॉट उलटवला. जातं उलटं फिरेल हे डोक्यातच आलं नाही. होस्टेलवर बावीस जणांनी बघितलं, आमच्या सरांनी बघितलं, कुणाच्याही लक्षात आलं नाही. आणि दाणे: गहू सांडतील, ओसरी खराब होईल म्हणून आम्हीच आजीला नको म्हटलं होतं. ती दोन वेळा म्हणाली होती, "अगं मूठभर टाका तरी."

एकला_चालो
इथे सगळ्यांचं एकमत होतंय म्हणून मुद्दाम वेगळं लिहितो.

विद्यार्थ्यांनी लोकांना विचारून कलाकृती करू नये. आज आजी म्हणते दाणे टाका, उद्या सर म्हणतील संदेश टाका, परवा मित्र म्हणतील नाच टाका. अठरा दिवसांत अठरा जणांचं ऐकून जे उरेल ते कुणाचंच नसेल. विशीतला माणूस जे बघतो ते त्याला चुकीचं का होईना, पूर्ण करू द्या. मला झपाझप कट आवडले. त्यात एक अस्वस्थपणा आहे, शहरात गेलेल्या नातीचा. ती जात्याशी एकरूप नाहीच, मग चित्र तरी कसं असेल?

कात्री
@एकला_चालो, अर्धं मान्य. मतदान घेऊन संकलन होत नाही, आणि तुम्ही म्हणताय ती अस्वस्थ नात मलाही बघायला आवडेल. पण ती आत्ता व्हिडिओत आहे का? मला दिसली नाही. दिसावी अशी इच्छा असेल तर कृष्णाकाठने तसं ठरवून कापावं.

वॉल्टर मर्च या संकलकाने कट कुठे करावा याचे सहा निकष मांडलेत आणि प्रत्येकाला टक्के दिलेत. भावना ५१, गोष्ट २३, लय १०, मग प्रेक्षकाची नजर कुठे आहे ते ७, चौकटीतली रचना ५ आणि जागेचं सातत्य ४. हे आकडे काट्यावर तोलायचे नसतात, पण क्रम बघा. मुलगी डावीकडे बघते की उजवीकडे, हे खालच्या दोन खणांतलं. कृष्णाकाठने तळाचं सांभाळायला शॉट उलटवला आणि त्यात वरचं गेलं, कारण ज्यांनी दळलंय त्यांचं मन त्या क्षणी गाण्यातून उठलं.

आणि "चेहऱ्यात काही घडत नाही" याबद्दल. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला. बघणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. तुझ्याकडे ओसरीवरच्या रिकाम्या खाटेचा शॉट आहे, ३.५० ला शेवटी नुसता पडलाय. तो उचल आणि तिसऱ्या ओवीआधी ठेव, त्याला लागून मैत्रिणीचा तो "काही न घडणारा" चेहरा. मग बघ काय होतं.

५०_हर्ट्झ
आता माझं रटाळ तांत्रिक पुराण, पण वाचा.

१) ओसरीच्या आतले मोबाईलचे शॉट फडफडतायत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. मोबाईल शटरचा वेग आपोआप १/६० सेकंद घेतो आणि पट्टे सरकतात. शटर हाताने १/५० किंवा १/१०० वर ठेवा. दाणे टाकून पुन्हा शूट करणारच असाल तर हे लक्षात असू द्या.

२) मोबाईल फ्रेमचा वेग स्वतःच बदलत राहतो. म्हणून तुमच्या लांब शॉटमध्ये ओठ सुरुवातीला जुळतात आणि शेवटी सुटतात. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेम करून घ्या, मगच टाइमलाइनवर आणा.

३) नदीपलीकडून घेतलेला तो सुंदर लांबचा शॉट. स्पीकर मुलीजवळ होता आणि तुम्ही कॅमेऱ्यातल्या आवाजावरून गाणं जुळवलंत, बरोबर? आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. ३० मीटर अंतर धरलं तर कॅमेऱ्यापर्यंत तो ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे दोन फ्रेमच्या थोडं वर. ओठ आधी हलतात, सूर मागून येतो. चित्र दोन फ्रेम उशिरा येईल असं सरकवा. बघणाऱ्याला काय बिनसलंय ते सांगता येत नाही, पण गाणं डब केल्यासारखं वाटतं.

रातराणी
मी श्टुटगार्टला ट्रॅममध्ये मोबाईलवर, हेडफोनशिवाय बघितलं. मला जात्याची घरघर ऐकूच आली नाही! इथे सगळे तिच्याबद्दल बोलतायत म्हणून घरी येऊन हेडफोन लावले तेव्हा कळलं. तुझे बहुतेक प्रेक्षक मोबाईलवरच बघणार ना?

५०_हर्ट्झ
@रातराणी, मोलाचं निरीक्षण. मोबाईलच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर येत नाही, आणि घरघर सगळी तिथेच आहे. तिचा आवाज वाढवून उपयोग नाही. माहेरवाशीणकाकूंनी सांगितलेली दाणे भरडल्याची करकर जवळून रेकॉर्ड करा. ती वरच्या पट्टीत असते, मोबाईलवरही ऐकू येईल. मिक्स करताना दर वेळी एकदा मोबाईलवर वाजवून बघायची सवय लावा.

वाईकर
अवांतर, तरी लिहितो. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यांतल्या बऱ्याच वाचता-ऐकता येतात. तिथे प्रत्येक ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. तुझ्या श्रेयनामावलीत गिटारवाल्याचं नाव आहे, ड्रोन उसना देणाऱ्याचं आहे. आजीचं नाही. "पारंपरिक" असं लिहिलंय.

कृष्णाकाठ
काका, हे वाचून लाज वाटली. आजच बदलते.

कृष्णाकाठ (नऊ दिवसांनी)
मंडळी, दुसरी प्रत झाली. नवीन दुवा खाली. लांबी ३ मिनिटं २२ सेकंद, शॉट ५८.

शनिवारी ओसरीवर पुन्हा गेलो. दोन पायली गहू घेऊन गेलो होतो, आजी म्हणाली एवढे काय लग्न आहे का. शटर १/५० वर ठेवलं, पट्टे गेले. मैत्रिणीने आयुष्यात पहिल्यांदा खरं दळलं, दहा मिनिटांत तिचा श्वास लागला आणि तोच श्वास आता पहिल्या ओवीत दिसतो. पाळूच्या कडेने पीठ पडतानाचा एकच शॉट आहे, अकरा सेकंदांचा. आधी मी तो दोन सेकंदांचा केला असता. कड सगळीकडून एकदम भरत नाही, एका जागी आधी पांढरी रेघ येते, मग ती फिरत फिरत पूर्ण होते. ते बघायला अकरा सेकंद लागतातच.

घंटा दोन दिवस बाजूला ठेवली होती. आठवण झाली नाही.

रिकामी खाट तिसऱ्या ओवीआधी ठेवली. ती आजोबांची खाट आहे, हे मी इथे कुणालाच सांगितलं नव्हतं.

एकला_चालो, तुमचं म्हणणंही मनात राहिलं होतं. चौथ्या ओवीत आम्ही नातीला एसटीत बसवलंय, खिडकीशी. तिथे मुद्दाम दर दोन मात्रांना कट ठेवले. आधीचं सगळं शांत झाल्यामुळे ते आता खरंच टोचतात.

कात्रीदादांनी सांगितलेला रेघेचा कागद घेऊन बसले होते. या वेळी नऊ बायका होत्या. २.०५ ला एक जण हलली, बाकी रेघ कोरी. "काय पाहिलंत?" विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, "तात्यांची खाट पाहिली."

कात्री
बघितलं. २.०५ ला जी हलली ती बरोबर आहे, तिथे गिटार एकदम मोठी होते. दोन डेसिबल उतरव. बाकी हात लावू नकोस.

ठेका
मी तर म्हणतो गिटार तिथे काढूनच टाका. नुसतं जातं राहू द्या.

एकला_चालो
गिटार राहू दे. नात गिटारवालीच आहे. एसटीचा भाग आवडला. मी "लोकांचं ऐकू नये" म्हणालो होतो, त्यात दुरुस्ती: आजीवर दुसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ देऊ नये.

रातराणी
पुन्हा ट्रॅममध्ये बघितलं. करकर ऐकू आली. शेजारच्या बाईंनी वाकून विचारलं हे काय आहे म्हणून. ओव्यांखाली अर्थ देता आला तर बघ, माझ्या मुलांना 'घास' म्हणजे फक्त जेवणातला माहीत आहे.

माहेरवाशीण
आता बरोबर फिरतंय जातं. आणि आजीने काय म्हटलं ते लिहिलंच नाहीस.

कृष्णाकाठ
काकू, आजी काही म्हणालीच नाही. बघत असताना तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरत होता. व्हिडिओ संपला तरी थांबला नाही, आणि तिने पाचवी ओवी म्हटली. मी ती कधी ऐकलेली नव्हती. कुणाच्याही हातात मोबाईल तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला पुन्हा म्हणायला लावून रेकॉर्ड केली. या व्हिडिओत नाही टाकणार.

गिटार दोन डेसिबल उतरवली. ठेका, माफ करा. अर्थ आज रात्री टाकते. शुक्रवारी जमा करायचंय.

५०_हर्ट्झ
प्रकल्पाची फाईल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेव. आणि पाचवी ओवी तीन ठिकाणी.